लिंबाचा ओघळ आणि आत्याची हळद

वाचकाचं पत्र :

मावशी, मी २० वर्षांची आहे. यावल तालुक्यातल्या एका गावात राहते आणि रोज स्कूटीवर फैजपूरला कॉलेजला जाते. दोन वर्षांपासून कपाळावर, गालांवर आणि हनुवटीच्या कडेला मुरूम येतात. घरी जो येतो तो एक उपाय सांगून जातो. आत्याने बेसन-हळद सांगितली, मैत्रिणीने टूथपेस्ट. मोबाइलवर बघून मी स्वतः केळीचं साल घासलं, मग लिंबू आणि खायचा सोडा लावला. एका सकाळी लिंबू लावून, तोंड धुऊन बाबांसोबत केळीच्या बागेत गेले. दोन दिवसांनी गाल लाल झाला, आग झाली आणि आता गालापासून मानेपर्यंत काळपट पट्टा उठलाय. आजी म्हणते, आतली घाण बाहेर पडतेय, बंद करू नको. शेजारच्या वहिनींनी त्यांची अर्धी वापरलेली ट्यूब दिलीय, चार दिवसांत चेहरा साफ होतो म्हणाल्या. ती अजून लावली नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आठ दिवसांनी दादाचं लग्न आहे. सहा आठवडे राहिलेत. फोटोत कशी दिसेन या विचाराने झोप येत नाही. आत्याला नाही म्हणता येत नाही. काय लावू?

उत्तर :

पोरी, तो पट्टा गालावर रुंद आणि मानेकडे निमुळता होत गेलाय ना? मधेच एखादा थेंबासारखा ठिपका? आरशासमोर उभी राहून नीट बघ. लिंबाचा रस गालावरून ज्या वाटेने ओघळला त्याच वाटेने डाग उमटलाय. आतली घाण अशी ओघळ धरून बाहेर येत नसते. ही भाजल्याची खूण आहे.

लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीत, फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना कडक ऊन लागलं की उन्हातल्या अतिनील किरणांनी ती चेततात आणि कातडीला इजा करतात. त्याच क्षणी काही जाणवत नाही, म्हणून लिंबावर कुणाचा संशय जात नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, आग होते, कुणाला पाण्याचे फोड येतात आणि नंतर तपकिरी-काळा डाग राहतो. उन्हात उभं राहून लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवरही असेच डाग पडतात. आपल्याकडचं मार्चअखेरचं ऊन, त्यात सकाळभर बागेत. लिंबाला आणखी काय हवं होतं?

शाळेत सामू (पीएच) शिकली असशील, आम्लपणाचं माप; अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त. कातडीचा सामू साधारण ५, म्हणजे किंचित आम्ल. लिंबाचा २ च्या आसपास. सामूत एकेक अंक दहापटीचा असतो, म्हणजे तू तोंडाला लावलंस ते कातडीपेक्षा हजारपट आम्ल. खायचा सोडा उलट्या टोकाचा, ८ च्या वर. एक दिवस इकडे ओढायचं, दुसऱ्या दिवशी तिकडे. कातडीवर तेलाचा आणि आम्लाचा एक पातळ थर असतो, तिचं राखण तोच करतो. तो खरवडला गेला की साध्या पाण्यानेही चुरचुरतं. दोन्ही एकत्र कालवलं तर फेस येतो, व्हिडिओत छान दिसतो. खाली उरतं ते खारट पाणी, आणि दोहोंपैकी जे जास्त पडलं असेल ते.

आता मुरूम मुळात काय आहे ते तुझ्या बागेतल्याच गोष्टीवरून सांगते. बाबांनी केळीला ठिबक केलं असेलच. बोरच्या पाण्यातला क्षार साचून ड्रिपर, म्हणजे नळीवरचं थेंब सोडणारं तोंड, चोक होतो, तेव्हा बाबा नळी बाहेरून काथ्याने घासत बसतात का? घासली तरी आतला क्षार सुटेल का? चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. वयात येताना हार्मोन्समुळे ती जास्त तेल सोडायला लागते. छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून बूच बसतं. मागे तेल तुंबतं, तिथे मुळातच वस्तीला असलेले जंतू वाढतात आणि सूज येते. ती सूज म्हणजे मुरूम. सगळा कारभार आतला आहे. नाकावरचे काळे ठिपकेसुद्धा मळ नव्हेत. बुचाचं तोंड उघडं राहिलं की हवा लागून आणि त्यातल्या रंगद्रव्यामुळे ते काळं दिसतं. तोंड दिवसातून आठ वेळा धुतलंस तरी ते जायचं नाही.

म्हणून केळीचं साल घासून काही झालं नाही. आपल्या भागात कुणी केळीच्या सालाचं कौतुक सांगितलं की मला हसू येतं. ज्यांनी घड कापताना अंगावर चीक उडवून घेतलाय, ज्यांच्या शर्टाचा तो डाग सात धुण्यांत गेला नाही, ते हे तोंडाला कशाला लावतील? सालाने फार बिघडलं नसेल. घासण्याने बिघडलं. सुजलेल्या मुरमावर काहीही घासलं, साल असो की बेसन की अक्रोडाचा स्क्रब, तर तो आतल्या आत फुटतो, सूज पसरते आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर महिनोन् महिने काळा डाग ठेवून जातो. मुरूम जातो पण डाग राहतो, ही आपल्याकडची खरी तक्रार असते आणि त्यातले निम्मे डाग आपल्याच नखांचे असतात.

टूथपेस्ट दातांसाठी केलेली. तिच्यातला मेन्थॉल गार लागतो म्हणून औषध लागू पडल्यासारखं वाटतं. रात्रभर ठेवली तर मुरूम सुकल्यासारखा दिसतो आणि भोवतीची कातडी सोलवटते. ती दातांनाच राहू दे.

आता आत्याची हळद. इथे मी जरा सांभाळून बोलणार आहे, कारण हळदीला नावं ठेवली तर माझी स्वतःचीच आत्या वरून खाली उतरेल. हळदीतलं कुरकुमिन सूज कमी करतं हे प्रयोगशाळेत दिसलंय, ते खोटं नाही. पण बेसनात कालवून वीस मिनिटं लावली तर ते कातडीत फारसं मुरतच नाही. पिवळेपणा तेवढा मुरतो. घरी दळलेली हळद असेल, कातडी शाबूत असेल आणि घासायचं नसेल तर कधीमधी लावलीस म्हणून माझं भांडण नाही. सुटी हळद असेल तर मात्र नको. चमक यावी म्हणून तिच्यात शिशाच्या संयुगाची भेसळ होते हे जुनं दुखणं आहे. आणि आत्ता, गाल भाजलेला असताना, आत्याची हळद, बेसन सगळं बंद.

मुलतानी माती तेल शोषते, हे खरं. ती पूर्ण वाळून भेगा पडेपर्यंत ठेवतात तिथे चुकतं. शेणाने सारवलेलं अंगण दुपारी तडकतं तशी तोंडाची गत होते. कातडी बरी झाल्यावर आठवड्यातून एकदा, ओलसर असतानाच धुऊन टाकणार असशील तर लाव. बांधावरची कोरफड त्यातल्या त्यात सौम्य. पण पान कापल्याबरोबर जो पिवळा चीक निघतो तो खाजवतो. पान दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून चीक गळू दे, धुऊन घे, मगच आतला पारदर्शक गर. तोही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांब. गार वाटेल, बरं वाटेल. मुरमाचं बूच त्याने निघणार नाही.

आता ती वहिनींची ट्यूब. तुझ्या पत्रात मला सगळ्यात भीती तिची वाटली.

मी अमळनेरला औषधाच्या दुकानात काउंटरवर २६ वर्षं उभी होते. सुरुवातीच्या वर्षांत ‘ती चेहऱ्याची ट्यूब द्या’ म्हणून कुणी आलं की मीही देत असे. डॉक्टरांची चिठ्ठी मागायची असते एवढं कळत होतं, पण गिऱ्हाईक ओळखीचं, ट्यूब स्वस्त, आणि आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक हसत यायचं. एक मुलगी मला अजून दिसते. पहिल्या ट्यूबला गोरी झाले म्हणून पेढे दिले होते तिने. चार-पाच महिन्यांनी आली ती ओढणी नाकापर्यंत ओढून. पंख्याखाली उभी राहिली आणि मग ओढणी काढली. गाल लालबुंद, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, खाली बारीक शिरा दिसतायत, हनुवटीवर लव वाढलेली आणि आधी होते त्याच्या दुप्पट मुरूम. चुलीपुढे बसवत नाही म्हणाली. आणि मागत काय होती? तीच ट्यूब. कारण लावली नाही की आग व्हायची आणि लावली की थांबायची. त्या दिवसानंतर मी चिठ्ठीशिवाय एकही दिली नाही. आधीच्या दिल्या त्या दिल्याच.

वहिनींच्या ट्यूबवर बारीक अक्षरांत बघ. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, यातलं एखादं नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. बऱ्याचदा त्याच्या जोडीला जंतूंचं आणि बुरशीचं औषध एकत्र घातलेलं असतं, गोरं करणाऱ्या ट्यूबांत डाग फिकट करणारं. स्टिरॉइड सूज झटकन दाबतं, म्हणून चार दिवसांत चेहरा साफ. पुढे तेच मुरूम आणतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून शेड्यूल एच मध्ये घातली, तरी ती शेजारणींच्या फ्रिजमधून फिरतातच. स्टिरॉइड वाईट औषध नाही, इसबावर डॉक्टर तेच देतात. मुरमांवर, स्वतःच्या मनाने, चेहऱ्याला नको. वहिनी स्वतः ती रोज लावत असतील तर त्यांनाही सांग, पण एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून सोडवा असं सांग. एकदम सोडली की त्या मुलीसारखी आग होते.

मग काय लावायचं? पहिले दहा-बारा दिवस जवळजवळ काहीच नाही. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश, तोही हाताच्या बोटांनीच. तुमच्याकडे बोरचं जड पाणी असेल, त्यात साबणाचा फेस होत नाही आणि एक बुळबुळीत थर तोंडावर राहतो. कपड्याचा किंवा अंगाचा साबण तोंडाला लावत असशील तर तो बंद कर. तोंड ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. तेलकट चेहऱ्याला हे कशाला, असं आत्या विचारेलच. भाजलेल्या कातडीला ओल लागते, तेल वेगळं आणि ओल वेगळी. पाकिटावर नॉन-कॉमेडोजेनिक लिहिलेलं घे, म्हणजे छिद्रं न बुजवणारं. बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीएवढं, मानेसकट. त्या पट्ट्यावर ऊन पडत राहिलं तर तो आणखी गडद होईल.

आणि तुझा स्कार्फ. मे महिन्यात आपल्याकडे पोरी डोळे सोडून सगळं गुंडाळून स्कूटीवर निघतात, ते बरोबरच आहे. पण फैजपूरच्या रस्त्यावरची धूळ, घाम आणि तोच स्कार्फ चार दिवस डिक्कीत कोंबलेला, तो पुन्हा हनुवटीला घट्ट आवळायचा. हनुवटीच्या कडेचे तुझे मुरूम मला तिथलेही वाटतात. घाम, दाब आणि घासणं यांनी छिद्रं बुजतात. सुती घे, रोज धुतलेला घे, सैल बांध. कपाळावरच्या मुरमांसाठी आणखी एक विचारते : वेणीला खोबरेल चोपडून रात्री तशीच झोपतेस का? ते तेल कपाळावर आणि उशीच्या अभ्र्यावर उतरतं, आणि खोबरेल छिद्रं बुजवणाऱ्या तेलांत मोडतं. लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर लाव आणि धुऊन टाक.

याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. पैशाची अडचण असेल तर जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढ आणि त्वचारोगाची ओपीडी विचार. डॉक्टर गाल बरा होण्याची वाट पाहून बहुधा बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापेलीन अशा नावाचं काही देतील. पहिलं जंतू मारतं. दुसरं त्या बुचावर काम करतं, म्हणजे ड्रिपरच्या आतून. बाबा ठिबकला ॲसिड सोडतात तेव्हा किती आणि किती वेळ याचं माप ठेवतात ना, तसंच हे. ॲडापेलीन रात्री, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, कोरड्या तोंडावर. जास्त लावलं म्हणून लवकर बरं होत नाही, सोलवटतं फक्त. पहिले दोन-तीन आठवडे मुरूम वाढल्यासारखे वाटू शकतात. तिथेच बहुतेक मुली सोडून देतात आणि परत लिंबाकडे वळतात. खरा फरक कळायला ८ ते १२ आठवडे लागतात.

म्हणजे लग्नापर्यंत काय होईल, ते खोटं न बोलता सांगते. नवे मुरूम कमी झालेले असतील. लाली गेलेली असेल. पट्टा फिकट झालेला असेल, पण पूर्ण गेलेला नसेल; त्याला काही महिने लागतील. फोटोपुरता तो मेकअपखाली झाकता येतो, आणि लग्नघरात सगळ्यांचं लक्ष नवरीच्या बांगड्यांवर आणि जेवणाच्या पंगतीवर असतं. लग्नाआधीच्या आठवड्यात पार्लरमध्ये ब्लीच किंवा नवं फेशियल मात्र करू नकोस. औषध चालू असताना तोंडाला वॅक्स तर अजिबात नको, कातडी निघून येते.

एक तू लिहिलं नाहीस, मीच विचारते. पाळी दोन-दोन महिने चुकते का? हनुवटीवर जाड केस येतात का? तसं असेल तर डॉक्टरांना आपणहून सांग, लाजू नको. मग मुळाशी पीसीओएस, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड, असू शकतो आणि नुसत्या मलमाने भागणार नाही. आणि हे मोठ्या बहिणी, वहिन्या वाचत असतील तर : दिवस गेलेले असतील किंवा त्या विचारात असाल तर मुरमांचं कुठलंही औषध डॉक्टरांना ते सांगूनच घ्या. मुरमांच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला फार घातक असतात.

खाण्याचं थोडक्यात. शेवभाजी आणि ठेच्याने मुरूम येतात असं कुठे सिद्ध झालेलं नाही, तू खुशाल खा. साखर, मैदा, कोल्ड्रिंक यांचा संबंध दिसतो, काहींना दुधाचाही. आखाजीचा आमरस आणि खापरावरची पुरणपोळी वर्षातून एकदा येते, त्या दिवशी मी तरी कुणाला अडवणार नाही.

राहिली आत्या. तिला ‘तुझ्या हळदीने बिघडलं’ असं म्हणू नको, तसं ते झालेलंही नाही. सगळं डॉक्टरांवर ढकल. म्हण, डॉक्टरांनी लग्नापर्यंत दुसरं काही लावायला सक्त मनाई केलीय. आपल्याकडे आत्या भावाचं ऐकत नाहीत, पण केसपेपरवरच्या शिक्क्याला मानतात. आणि तिला रिकामी ठेवू नको, रिकामी आत्या नवा उपाय शोधते. जुन्या सुती साडीचे चार स्कार्फ शिवून मागव तिच्याकडून. आजीला मात्र तो ओघळ दाखव आणि लिंबाची गोष्ट सांग; तिच्याही हाताला लोणच्याच्या दिवसांत कधीतरी लिंबू आणि ऊन लागलं असेल, तिला पटेल.

दादाच्या हळदीच्या दिवशी बँड वाजायला लागला की कुणी तुझं ऐकणार नाही, गालाला हळद फासतीलच. तोवर कातडी भरून आलेली असेल, तेव्हा घाबरू नको. निघायच्या आधी तोंडाला मॉइश्चरायझर लाव म्हणजे हळद चटकन सुटेल, आणि घासून न काढता पाण्याने धू. फक्त त्या दिवसांत बेन्झॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर पाहुण्यांच्या रंगीत टॉवेलला आणि आत्याच्या नव्या उशीला तोंड लावू नकोस. ते कापडाचा रंग उडवतं. पांढरा टॉवेल आणि पांढरा अभ्रा आपला घरून बरोबर ने.